एकतीस नावांचं शुद्धिपत्र

समस्त नागपूरकरांस याद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या अठ्ठावीस वर्षांत या शहरात छापल्या गेलेल्या लग्नपत्रिका, हस्तपत्रके, शोकसंदेश आणि मतदारयाद्या यांतील सर्व चुकांस खाली सही करणारा इसम जबाबदार नाही. अंदाजे निम्म्या चुकांस आहे. उरलेल्या निम्म्यांतल्या काही जुळाऱ्यांच्या, काही उंदरांच्या आणि बऱ्याचशा खुद्द गिऱ्हाइकांच्या आहेत. स्वतःच्या जावयाचं नाव चुकीचं लिहून देणारे सासरे मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

तर, मी प्रूफरीडर. शुद्ध मराठीत मुद्रितशोधक. हे नाव ऐकून बायकोच्या माहेरची मंडळी मला पहिली दोन वर्षं पोलीस खात्यातला समजत होती आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

आता सगळीकडे ऑफसेट आलं आहे, म्हणून नव्या वाचकांसाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. छापखान्यात शिशाचे खिळे असत. एका खिळ्यावर एक अक्षर, किंवा अक्षराचा तुकडा. लाकडी केसमध्ये छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एका अक्षराचे खिळे. जुळारी उभ्यानं एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. ओळींचं पान झालं की शाई लावून एक कच्ची प्रत काढायची. ते प्रूफ. मग दोघांनी बसायचं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफात बघत जायचं. मी वाचणारा. हौशी नाटकांत राजाची कामं केलेली असल्यामुळे मी लग्नपत्रिकासुद्धा सिंहासनावर बसल्यासारखी वाचत असे. मतदारयादी आली की मग विचारायलाच नको. भालदार-चोपदार पुकारतात तसा मी एकेका मतदाराला दरबारात बोलवायचो. म्हाताऱ्यांना कापऱ्या आवाजात, पहिलवानांना ढाल्या आवाजात. जुळारी हसायचे आणि काम पुढे सरकायचं.

आमचा छापखाना सदर भागात होता. खिळेघराचे फोरमन दौलतराव. वय साठीकडे झुकलेलं, नखांत कायमची शाई, आणि बोलणं मोजकं. इंग्रजांच्या काळापासून ते याद्या जुळवत आले होते. मला ते 'पंडत' म्हणायचे. बी. ए. झालेला माणूस खिळ्यांच्या वासात काय करतो, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

मतदारयादीच्या कामात त्यांना एक गोष्ट फार आवडायची. लग्नपत्रिकेत आजोबा अठरा पॉइंटाच्या मोठ्या अक्षरांत, वडील चौदा पॉइंटात आणि काका आठ पॉइंटात असतात. त्यावरून रुसवे होतात, पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात. मतदारयादीत सगळे बारा पॉइंट. एकदा सिव्हिल लाइन्समधले एक बडे कंत्राटदार मोटारीतून उतरून आमच्याकडे आले. म्हणाले, "यादीत आमचं नाव जरा ठळक टाईपात येऊ द्या. आणि आधी रायसाहेब लावा."

दौलतरावांनी मानही वर केली नाही. "यादीत साऱ्याइले बारा पॉइंट राह्यते, साहेब. अन् पदवी लागत नाही."

"अहो, पण वडिलांच्या वेळी होतं. मी स्वतः पाहिलंय."

"हाव. मीच जुळवलं होतं. तवा यादीत मानसं कमी होते, जागा मोकळी होती."

कंत्राटदार मोटारीत बसून गेले. हा किस्सा मी कित्येक वर्षं टाळ्या घेत सांगितला. दौलतरावांनी त्यात नेमकं काय म्हटलं होतं, हे मला खरं कळलं सदुसष्टच्या निवडणुकीच्या वेळी.

त्या वर्षी आमच्या वॉर्डाच्या याद्यांचं काम आम्हाला मिळालं. हस्तलिखिताचे गठ्ठे आले, सोबत मागच्या निवडणुकीची छापील यादी, आणि वर कार्यालयाचं पत्र: मागील यादीशी ताडून पाहावे. याचा अर्थ एवढाच होता की, कोणाचं नाव गळू नये. पण मी पंडत. जुळणीला देण्याआधी मी निळी पेन्सिल घेऊन बसलो आणि ताडू लागलो.

नाल्यापलीकडच्या एका गल्लीपाशी मी थांबलो. मागच्या यादीत जिथं कचराबाई होती, तिथं हस्तलिखितात यशोधरा. धुरपताच्या जागी गौतमी. ठमीच्या जागी संघमित्रा. त्याच घरात, वयानं पाच वर्षांनी वाढलेल्या, त्याच नवऱ्यांच्या बायका. एका गल्लीत तीन यशोधरा आणि दोन महामाया. मला वाटलं, नावं लिहायला गेलेला कोणी तरुण शिक्षक गोष्टीचं पुस्तक वाचता वाचता यादी उतरवून बसला. मी तिथल्या तिथं सिंहासनावर चढलो. "अहो दौलतराव, सगळी कपिलवस्तू आपल्या नाल्यापलीकडे राहायला आली की!" आणि हसत हसत एकतीस नावं निळ्या पेन्सिलीनं खोडून मागच्या यादीप्रमाणे 'दुरुस्त' केली.

दौलतराव तेव्हा दुसऱ्या टोकाला जुळवलेल्या पानांचा फर्मा चौकटीत आवळत होते. त्यांनी ऐकलं असेल, नसेल. जुळाऱ्यानं माझ्या दुरुस्तीप्रमाणे खिळे लावले. प्रूफ मीच वाचलं. एकही चूक सापडली नाही.

कच्ची यादी छापली गेली आणि महापालिकेच्या शाळेच्या भिंतीवर लागली. हरकती घ्यायला सोमवारपर्यंत मुदत होती. शुक्रवारी दुपारी साधारण पस्तिशी-चाळिशीची एक बाई छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. गिरणीतून सुटून तशीच आली होती. केसांत कापसाचे तंतू होते. हातात वहीचा कागद.

"भाऊ, शाळेच्या भिताडावरची यादी इथंच छापली ना?"

"हो. काय झालं?"

तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला. शिसपेन्सिलीनं दोन रकाने पाडले होते. डावीकडे आम्ही छापलेलं नाव, उजवीकडे खरं. एकतीस ओळी. सातव्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "हे कोन?"

मी गठ्ठ्यातलं पान काढलं. "कचराबाई मेश्राम. घर क्रमांक हाच, वय अडतीस, पतीचं नाव हेच. तुम्हीच ना?"

"वय माहं हाय. नवरा बी माहाच हाय. नाव माहं नाही."

जुळारी हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

"बाई, मत पडायला काही अडचण नाही," मी समजावलं. "बारीकसारीक चुकांवरून केंद्रावरचे लोक कोणाला परत पाठवत नाहीत."

"मत पडल जी. पन पडायच्या आंधी तो मास्तर मोठ्यानं नाव पुकारल. साऱ्या पार्ट्यांचे मानसं तिथं बसून राह्यते. ते आयकतीन. अन् मले हाव म्हनावं लागल."

मग तिनं सांगितलं, तेही अगदी साध्या आवाजात, रेशनच्या रांगेतली गोष्ट सांगावी तसं.

"माह्या आंधीचे तीन गेले. म्हून मायनं कचरा नाव ठेवलं, मरनाची नजर पडू नोय म्हून. मरनाची नाही पडली. बाकी साऱ्याइची पडली. शाळेत हजेरीले माहं नाव आलं का पोरं झाडू मारल्यावानी हात करत. दुसरीतून शाळा सोडली मी. छप्पनच्या दसऱ्याले दीक्षा घेतली, तवा गल्लीतल्या बायाइनं नावं बदलले. माय जिवंत होती. थेच म्हने, आता मरनाले भ्यायचं नाही, चांगलं नाव घे. मंग मी यशोधरा घेतलं. बस्तीतल्या वर्गात जाऊन पयले तेच लिहाले शिकली. दहा वर्सं झाले. मागच्या यादीत जुनंच राहलं, म्हून यंदा नावं लिवाले आलेल्या मास्तरले साऱ्या जनीइनं नवं सांगतलं. आता तुमी काहून बदलवलं?"

काहून? माझा बी. ए.चा विषय इतिहास. यशोधरा कोण, कपिलवस्तू कुठे, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी नऊ गुण मिळाले असते. आणि छप्पनच्या त्या दसऱ्याला मी याच शहरात होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसांची एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. सायकल हातात धरून मी त्या गर्दीच्या काठाशी दीड तास अडकलो आणि माझा सिनेमा चुकला. त्या दिवसाची माझ्याजवळ एवढीच आठवण होती, चुकलेल्या सिनेमाची.

"सोमवारच्या आत कार्यालयात अर्ज करा," मी पुटपुटलो. "ते दुरुस्त करतील."

"तिथूनच आली मी. थो बाबू म्हनते, एकेकीनं येऊन अर्ज भरा, सबूत दाखवा. एकतीस जनी गिरनीचा खाडा करून लायनीत उभ्या राहू? चूक एकाची अन् हजेरी एकतीस जनींची?"

"दुसरा मार्ग नाही?"

"हाय म्हने. हापिसातून लिवून देल्लेल्या कागदावर बराबर नाव असन, अन् चूक छापखान्याची असन, तं छापखान्यानं लिवून द्यावं. मंग एका कागदात होते."

ती कागद तिथंच ठेवून गेली. मी तो घेऊन मालकांकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हते, पण हे सरकारी काम पुन्हा मिळवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "हस्तलिखित कुठंय?"

"कपाटात."

"ते कार्यालयाला परत गेलं, असं सांगायचं. हरवलं म्हणा. एकदा लिहून दिलं की चूक आमची, की पुढचं काम दुसऱ्याला. तुमची नोकरीही मग माझ्या हातात राहायची नाही. कळलं?"

कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतं. हस्तलिखितावर माझ्याच निळ्या पेन्सिलीचे एकतीस फराटे होते. तो कागद कपाटात राहिला तर मी सुरक्षित आणि ती केंद्रावर 'हाव' म्हणणार. किंवा म्हणणार नाही, आणि मत न देता घरी जाणार. तिचा चेहरा आठवला तर हे दुसरंच होईल असं वाटत होतं.

डबा खायच्या सुट्टीत दौलतरावांनी मला बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पान जुळवायचा मोठा सपाट दगड त्यांनी पुसून ठेवला होता. माळ्यावरच्या फायलींतून त्यांनी तीन याद्या काढल्या होत्या. आमच्याकडे छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत राहायची. एकीखाली एक त्यांनी त्या दगडावर मांडल्या.

पहिली इंग्रजी अमलातली. हातात घेतली तर पंचांगाएवढीही जाड नाही.

"हिच्यात त्या बाईची गल्ली काढ, पंडत."

मी शोधली. सापडली नाही. मालगुजार होते, वकील होते, घरपट्टी भरणारे होते, रायसाहेब होते. नाल्याच्या अलीकडे यादी संपत होती.

"बाया पाय."

बायका हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याही कोणा मोठ्या घरच्या.

"गल्ली तवा बी होती," दौलतराव म्हणाले. "मानसं तवा बी राह्यत तिथं. माहं घर बी त्याच बाजूले. मी दुसऱ्याइचे नावं जुळवत होतो, माहं स्वतःचं यादीत नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं त्यांच्या शेजारी काम करत होतो आणि माहीत नव्हतं.

दुसरी यादी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीची. दोन्ही हातांनी उचलावी लागली. "ही जुळवाले घेतली अन् चौथ्याच दिवशी 'ई' संपली," ते म्हणाले. मला समजेना. मग त्यांनी केसमधला एक कप्पा दाखवला, अगदी लहानसा. नेहमीच्या मजकुरात 'ई' फारशी लागत नाही, म्हणून खिळे ओतणारेही कमीच देत. आणि आता प्रत्येक घरातून बाई येऊ लागली. सखूबाई, जनाबाई, भागाबाई. पानागणिक पंधरा-वीस 'ई'. चार पानं छापायची, खिळे सोडवून कप्प्यात परत टाकायचे, मग पुढची चार. मालक चिडले. दौलतराव सांगताना मात्र थोडे हसले. "केस बनवनाऱ्यानं बाया यादीत येतीन हे धरलंच नव्हतं गा. त्याची बी काय चूक."

त्याच यादीत ती गल्ली होती. सातव्या ओळीवर कचराबाई मेश्राम.

तिसरी माझी. तिच्यातही कचराबाई.

त्यांनी तिन्ही याद्यांवरून एकदा शाईचं बोट फिरवलं. "पयल्या डावात तिले आत घेतलंच नाही. दुसऱ्या डावात घेतलं, पन जे नाव लोकं म्हनत होते थेच लिवलं. आता थे सोताचं नाव घेऊन आली, अन् दारात तू उभा."

मग त्यांनी हात पुसले. डबा उघडला आणि जेवायला बसले.

त्या क्षणापर्यंत मतदारयादी हे मी जगातलं सर्वांत कंटाळवाणं पुस्तक समजत होतो. आवाज बदलून वाचल्याशिवाय ते सहन होत नसे. तीन याद्या त्या दगडावर एकाशेजारी एक पाहिल्या आणि मला उमगलं की मी ते पुस्तक नेहमी मधूनच वाचायला घेत होतो. आधीची पानं कोरी का होती, हे ठाऊक नसलेल्या माणसाला भरलेल्या पानाचं कौतुक कसं वाटणार? मत देणं म्हणजे मला सुट्टीचा दिवस आणि बोटाची शाई. माझ्या घरात कोणाला त्यासाठी काही करावं लागलं नव्हतं. मी एकवीस वर्षांचा झालो आणि नाव आपोआप आलं, तेही आईबापांनी ठेवलेलं, बारशाच्या पेढ्यांसकट.

शनिवारी सकाळी मी कपाटातून हस्तलिखित काढलं, धोतराच्या कापडात गुंडाळलं आणि तहसील कार्यालयात गेलो. इथं मी शूर होतो असं लिहायचा मोह होतो आहे, पण अर्ध्या जिन्यावरून मी दोनदा परत खाली उतरलो हे तिथल्या चपराशानं पाहिलं आहे. यादीचे अधिकारी नायब तहसीलदार होते. चष्मा कपाळावर. त्यांनी पान उजेडाला धरलं.

"खोडलं कोणी?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही, साहेब. मला वाटलं मला जास्त कळतं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढं खरं लिहून द्यायची गरज नाही," ते म्हणाले. "छापखान्याकडून चूक झाली, एवढं पुरे."

मी तेवढंच लिहिलं. त्यांनी शुद्धिपत्राला मंजुरी दिली आणि त्याची प्रत प्रत्येक मतदान केंद्राच्या यादीला डकवायचा शेरा मारला.

मालक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. पुढच्या निवडणुकीचं काम खरोखरच दुसरीकडे गेलं. नोकरी राहिली, ती दौलतरावांमुळे. मला काढलं तर आपणही निघू असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं, हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं.

शुद्धिपत्र म्हणजे प्रूफरीडरच्या कपाळावरचा डाग. पुस्तकाला ते लावायची वेळ आली की आम्ही चार दिवस जेवत नाही. या एकाच शुद्धिपत्राची प्रत मी जपून ठेवली आहे. अर्ध्या पानाचंही नाही. दौलतरावांनी ते दुसऱ्या कोणाला हात लावू न देता स्वतः जुळवलं. प्रूफ वाचताना मी आवाज बदलला नाही. एकतीस नावं, सगळी बारा पॉइंट.

एक रुखरुख मात्र जात नाही. ती एक गल्ली होती, आणि त्या गल्लीत भिंतीवरची यादी वाचायला शिकलेली एक बाई होती. त्याआधी नऊ वर्षं माझी निळी पेन्सिल किती गल्ल्यांतून फिरली असेल? तिथून कोणी वहीचा कागद घेऊन आलं नाही. चूक नव्हती म्हणून नव्हे, एवढं तरी आता मला कळतं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच शाळेत गेलो. नाल्याची अलीकडची आणि पलीकडची बाजू एकाच यादीत होती, त्यामुळे तिचं आणि माझं केंद्र एकच. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, आणि दारातून आळीपाळीनं आत सोडत होते. मी खोलीत शिरलो तेव्हा माझ्यापुढे तीच होती. धुतलेलं पांढरं लुगडं, हातात चिठ्ठी. तिनं मला ओळखलं. मान हलवली नाही.

टेबलामागे एक वयस्क शिक्षक यादी उघडून बसले होते. शेजारच्या बाकावर तीन पक्षांची तीन माणसं, आपापल्या याद्या मांडीवर घेऊन. शिक्षकांनी चिठ्ठीवरचा क्रमांक पाहिला आणि मूळ यादीत बोट फिरवलं. बोट त्या ओळीवर थांबलं. तिथं जुनंच नाव छापलेलं होतं, ते कसं पुसणार? त्यांचे ओठ 'क' म्हणायला उघडलेले मी पाहिले. बाकावरच्या एकानं आपल्या यादीत ओळ शोधली होती आणि त्याच्या मिशीखाली हसू यायला लागलं होतं. ती बाई सरळ उभी होती. तिनं हातातली चिठ्ठी मुठीत आवळली.

शिक्षकांना ओळीच्या कडेला केलेली लाल खूण दिसली. ते थांबले. शेवटचं पान उलटलं, डकवलेल्या कागदावर बोट आणलं आणि वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात वाचलं:

"यशोधरा मेश्राम. वय अडतीस."

बाकावरच्या तिघांनी माना खाली घालून आपापल्या यादीत नोंद केली. शाईची बाटली घेऊन बसलेला माणूस पुढच्या टेबलावरून म्हणाला, "बाई, बोट पुढे करा." ती हलली नाही. शिक्षकांना वाटलं काही चुकलं. त्यांनी विचारलं, "नाव बरोबर आहे ना?"

तिनं मान डोलावली. तरी तिथंच उभी राहिली. मागे रांग तटली होती, दारातला शिपाई 'चला, चला' करत होता, आणि तिच्या तोंडून, सगळ्या पार्ट्यांच्या माणसांसमोर, निघून गेलं,

"मास्तर, आनखी एकडाव वाचा ना जी."